सगळं हिरवं

॥ श्री ॥

हाउन्सलो,
९ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं यांस,
अर्चनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. हॉस्पिटलात काय झालं ते सविस्तर कळव म्हणालात, म्हणून आज स्वयंपाक उरकून बसले आहे.

बातमी चांगली नाही. यांच्या किडन्या आता पाचातला एक हिस्साच काम करताहेत. वीस वर्षांच्या साखरेनं पोखरल्या, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगून टाकलं. खाणंपिणं सांभाळलं तर डायलिसिस एखाददोन वर्षं लांबवता येईल, नाहीतर या उन्हाळ्यातच. डायलिसिस म्हटलं की तुमच्या बंधूंचा चेहरा पांढरा पडतो. वेअरहाउसमधला यांचा सोबती त्या मशीनवर तीन वर्षं होता आणि हे दर आठवड्याला त्याच्याजवळ जाऊन बसायचे, ते विसरलेले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले की काय वाट्टेल ते कर, पण मला त्या खुर्चीपासून लांब ठेव. मी हो म्हटलं. म्हणजे आता ते माझ्यावर आलं.

पण काय घालायचं ताटात? साखरेची नर्स सांगते भात कमी, डाळी-पालेभाज्या-टोमॅटो भरपूर. किडनीची सांगते डाळ बेताची, टोमॅटो नको, पालक नको, बटाटा नको, कारण त्यात पोटॅशियम, आणि ते रक्तात साठलं की हृदय बंद पडतं. यांनी तिला नम्रपणे विचारलं की हवा खाल्लेली चालेल का.

आपली लेक ऋजुता गेल्या रविवारी इल्फर्डहून आली आणि तिनं यांच्या फोनवर एक ॲप घातलं. दंडावर साखर मोजणारं बटण चिकटवलंय, ते त्याला जोडलेलं. जेवणाआधी ताटाचा फोटो काढायचा, कशात काय घातलं, कसं शिजवलं ते सांगायचं, की ते साखर, मीठ, पोटॅशियम मोजून हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग दाखवतं. ते सगळं त्याच क्षणी ऋजुताच्या फोनवरही दिसतं. हे त्याला हेडमास्तर म्हणतात. फोटो होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसतात बिचारे, आमटी गार होते.

भाज्या मात्र चालतात, युक्ती आहे त्याला. बारीक चिरायच्या, भरपूर पाण्यात उकडायच्या आणि निथळून घ्यायच्या, म्हणजे पोटॅशियम उतरतं. ॲपमध्ये तसं टिक करायची सोय आहे. केलं की पालकसुद्धा हिरवा. रोज टोपभर पाणी निघतं. ते काही माझ्यानं सिंकमध्ये ओतवत नाही हो. कणीक त्यातच मळते, उरलेलं आमटीला. पोळ्या अशा मऊ होतात की हे एक जास्तीची मागतात आणि हेडमास्तरही नाही म्हणत नाही.

गुडघा कसा आहे? ऑपरेशनची तारीख आली का? माया आहे ती तशीच राहू द्या.

तुमची,
सौ. अर्चना

॥ श्री ॥

साउथहॅम्प्टन,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अर्चना हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस नुसती बसून होते. मग म्हटलं, रडून किडन्या धुतल्या जात नाहीत, उत्तर लिहावं.

तू आहेस म्हणून मला काळजी नाही. रघूला लहानपणापासून जिभेचे चोचले फार. पण तुझ्या हाताखाली आला आणि माणसात आला. ते हेडमास्तर प्रकरण वाचून हसू आलं. आमच्या आईनं रघूला ताटावर हात मांडीवर ठेवून बसवायचा प्रयत्न दहा वर्षं केला, तिला जमलं नाही, ते फोनला जमलं!

भाजीचं पाणी टाकलं नाहीस हे शाबास केलंस. सगळं सत्त्व त्यातच असतं. इथल्या बायका ब्रोकोली उकडून पाणी फेकतात आणि मग गोळ्या खातात. तू आमच्या घरची शोभतेस.

ऋजुताला सांग, बापाच्या ताटावर लांबून डोळा ठेवतेस ते ठीक, पण अधूनमधून शेजारी येऊन जेवतही जा. जरा तापट आहे पोर, पण जीव आहे बापावर. मला फोन करू नकोस म्हणावं. कानातली यंत्रं शिट्ट्या मारतात आणि मी भलत्याच गोष्टीला हो म्हणते. काही तातडीचं असेल तर मेसेज टाकावा, बाकी पत्रच बरं.

गुडघ्याची तारीख मे महिन्यातली मिळाली आहे. मिळाली म्हणजे पुढं ढकलली नाही तर.

तुम्हा दोघांना जपून राहा असं सांगणारी,
तुझी वन्सं,
वैजयंती

॥ श्री ॥

हाउन्सलो,
३० मार्च २०२५

ती. वन्सं यांस,
अर्चनाचा सा. न. वि. वि.

आज पाडवा. गुढी उभारली, पण सणाच्या दिवशी घरात जे झालं ते तुमच्याखेरीज कुणाला लिहू?

यांचं पोटॅशियम वाढलंय. मार्चमध्ये दोनदा रक्त तपासलं, दोन्ही वेळा वाढलेलं, दुसऱ्यांदा जास्तच. दवाखान्यातून त्याच दिवशी फोन आला. एक पांढरी पावडर दिली आहे, पाण्यात ढवळून प्यायची, खडू प्यायल्यासारखी लागते म्हणतात. डॉक्टरीणबाई ॲप पाहून म्हणाल्या की असं खाणारा पेशंट त्यांनी पाहिला नाही, शंभरातले शंभर मार्क. मग रक्त असं का, ते त्यांनाही सांगता येईना. माणसं चोरून काही खातात, कधीकधी स्वतःपासूनही लपवतात, एवढं हसून म्हणाल्या. ते हसणं ऋजुताच्या डोक्यात बसलं.

आज ती आणि आपला जावई परीक्षित जेवायला आले होते. ताटं वाढली, फोटो झाला, हिरवं आलं. आणि तिनं लॅपटॉप काढला. एका बाजूला महिनाभराची ताटं, दुसऱ्या बाजूला रक्ताचे रिपोर्ट. म्हणाली, ॲप चुकलेलं नाही, लॅबही चुकलेली नाही, म्हणजे तिसराच कुणीतरी चुकतोय. हे लायब्ररीतून जयंतरावांकडे जातात, तिथं काय खातात ते तिला ठाऊक असलेलं बरं, असं ती म्हणाली. तिनं जयंतरावांना आधीच फोन करून विचारलं होतं हो! त्या भल्या माणसानं सांगितलं की रघुवीर माझ्याकडे बिनदुधाचा कोरा चहा पितो, बिस्किटाची बशी परत सारतो. तिला वाटलं, मित्र मित्राला पाठीशी घालतोय.

यांनी ताटातल्या अन्नावर हात ठेवून शपथ घेतली. वन्सं, तुम्हाला माहीत आहे, हे कधी कशाची शपथ घेत नाहीत. तर ती इंग्रजीत म्हणाली की शपथेनं आकडे बदलत नाहीत. हे उठले. न जेवता, पाडव्याच्या पानावरून उठले. परीक्षित मागं गेला, तर दार लावून घेतलेलं.

ती वाईट नाही. घाबरली आहे, दुसरं काही नाही. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. पण माझंच काय सांगू? भांडी घासताना मीही यांना एकदा विचारलं, अगदी हळू, की खरंच काही खात नाही ना. यांनी टॉवेल खाली ठेवला आणि म्हणाले, उद्यापासून मी एकटा बाहेर जाणार नाही. आणि हे बोलले की तसंच करतात.

तुम्ही विचारून बघा. थोरल्या बहिणीला सांगतील. कागद भिजतोय, पुरे करते. आठवण ठेवा आमची.

सौ. अर्चना

॥ श्री ॥

साउथहॅम्प्टन,
८ एप्रिल २०२५

चि. रघूस,
अनेक आशीर्वाद.

काय रे लबाडा, म्हातारपणी चोऱ्या सुरू केल्यास म्हणे! बायकोनं काही सांगितलं नाही असं समज आणि मला खरं खरं लिही. केळी आहेत की सुकी अंजिरं? की त्या कोपऱ्यावरच्या दुकानातला चिवडा? मी ऋजुताला सांगणार नाही. अळीमिळी गुपचिळी.

चेष्टा पुरे. मला तू हवा आहेस, बाबा. आता आपल्या घरातलं उरलंय कोण, तू आणि मी. काय खात असशील ते आजपासून सोड. पोरीला एकदा सांगून मोकळा हो, ती खाणार नाही तुला. तू सुधारतोस एवढंच तिला पाहायचंय.

तुझी,
ताई

हाउन्सलो,
२४ एप्रिल २०२५

ती. ताईस,
रघूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. दोन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. आता तोही उरला नाही.

मी काही खात नाही, ताई. केळं नाही, अंजीर नाही, चिवडा नाही. सुरुवातीला संतापून सांगायचो, मग समजावून सांगायचो, आता सांगतच नाही. चोराच्या उलट्या बोंबा वाटतात लोकांना. पण गंमत ऐक. सगळी जणं इतकी खात्रीनं सांगायला लागली की मलाच वाटायला लागलं, आपण खात असू. माणूस झोपेत चालतो, तसा खातही असेल. खाऊन विसरतही असेल. मी आपण होऊन डॉक्टरकडे गेलो आणि विचारलं की माझं डोकं तपासा. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, प्राण्यांची नावं विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं बरोबर आलं. मला पास झाल्याचं वाईट वाटलं. नापास झालो असतो तर निदान कोडं तरी सुटलं असतं.

त्यानंतर मी अर्चनाला स्वयंपाकघराला कुलूप लावायला सांगितलं. ती नको नको म्हणत होती, मीच हार्डवेअरच्या दुकानातून आणलं. किल्ली तिच्या कमरेला. आता मी तिच्या हातचं, तिनं वाढलेलं, फोटो काढलेलं, तेवढंच खातो. आणि त्या आठवड्याचं रक्त त्याआधीच्यापेक्षा वाईट आलं. हेडमास्तर रोज शाबासकी देतो आणि रक्त छडी मारतं. कुणाचं ऐकू?

वजन उतरलंय. पाय जड झालेत. अर्चना फार करते गं. पोळ्या तेवढ्या गोड लागतात, बाकी सगळ्याची चव गेली. तिचं मन राखायचं म्हणून खातो.

ऋजुता दर रविवारी येते. माझ्याकडे बघत नाही, फोनकडे बघते. लहान होती तेव्हा शाळेत काही फुटलं की मी तिला एकच विचारायचो, तू केलंस का, आणि ती नाही म्हणाली की विषय संपला. मला वाटलं होतं हे उसनं परत मिळेल.

तू थोरली आहेस. एकदा लिही की रघू खरं बोलतोय. मग मी मशीनवर बसायलाही तयार आहे.

तुझा,
रघू

॥ श्री ॥

हाउन्सलो,
८ मे २०२५

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

ऋजुताचा मेसेज मिळालाच असेल. मंगळवारी सकाळी हे जिन्यात बसले ते उठेनात. ॲम्ब्युलन्स आली. पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदयाचे ठोके भलतेच पडत होते. मानेत नळी घालून डायलिसिस केलं. ज्याला भीत होते तेच. आता ठोके बरे आहेत, पण हृदयाला मार बसलाय असं म्हणतात. शुद्धीवर आहेत.

काल ऋजुता आली. तिनं नर्ससमोर फोन धरला यांच्यापुढं, हिरव्या रांगाच्या रांगा, आणि म्हणाली, बाबा, निदान आता तरी सांगा, इलाज करायला डॉक्टरांना कळायला हवं. यांनी मान खिडकीकडे वळवली.

आता जे लिहिते ते बसून वाचा.

आज वॉर्डात आहाराचं बघणारी मुलगी आली, सिया नावाची, आईवडील नागपूरकडचे. मराठी ऐकून मला बरं वाटलं. तिनं फोन बघितलाच नाही. म्हणाली, काकू, सकाळी उठल्यापासून तुमचे हात काय काय करतात ते सांगा. मी सांगत गेले. भाजी चिरते, उकडते, निथळते. मान डोलवत होती. पुढं म्हटलं, मग त्या पाण्यात कणीक मळते. तिचं पेन थांबलं. तिनं परत विचारलं, कोणत्या पाण्यात?

वन्सं, भाजीतनं जे उतरतं ते पाण्यात जातं. सगळं. मी ते जपून ठेवत होते आणि पोळीतनं, आमटीतनं यांना परत घालत होते. रोज दोन वेळा. ॲपला पोळी दिसायची आणि भाजी दिसायची, पोळीतलं पाणी कसं दिसणार? वजन उतरलं म्हणून एप्रिलपासून तर मी ते पाणी आटवून सूप करून देत होते, ताकद यावी म्हणून. वाटीतलं सूप म्हणजे पाणीच, असं समजून त्याचा फोटोही काढत नव्हते. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला, आणि चोर कमरेला किल्ली लावून फिरत होता.

निथळून घ्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं, मी निथळलं. पाणी फेका असं कुणी म्हणालं नाही. किंवा म्हणालंही असेल आणि मला ऐकू आलं नसेल, कारण आपण असलं काही फेकतच नाही.

सियानं माझा हात धरला, म्हणाली की हे तिच्या आजीनंही केलं असतं. कागदावर लिहून गेली, डॉक्टरांना सांगेन म्हणाली. मी तिला हात जोडून विनवलं की यांना आणि मुलीला मीच सांगेन. यांना आज सांगणार होते, पण पडद्यापलीकडे माणसं, नर्सची येजा, आणि यांचा डोळा लागलेला. बुधवारी घरी सोडतील असं म्हणतात. घरी आले की यांच्याजवळ बसून सांगेन. रागावतील. रागावू देत. तुम्ही चोर नव्हता, एवढं माझ्या तोंडून ऐकतील.

तुमचं ऑपरेशन सोमवारी झालं हे कळलं. तुम्हाला अशा अवस्थेत हे वाचायला लावते, पण दुसरं कोण आहे मला?

सौ. अर्चना

साउथहॅम्प्टन,
१० मे २०२५

चि. सौ. अर्चना,
आशीर्वाद.

बुधवारची वाट बघू नकोस. हे पत्र मिळेल तशी ऊठ आणि सांग. पडद्यापलीकडे कोण आहे याची फिकीर करू नकोस, त्यांना मराठी कळत नाही, आणि कळलं तर कळलं.

रघूचं पत्र माझ्या उशाशी आहे. त्यानं एक ओळ मागितली होती माझ्याकडं. मी ऑपरेशनच्या गडबडीत उत्तर पुढं ढकललं. खरं सांगायचं तर मलाही त्याचा शब्द खरा वाटत नव्हता, म्हणून हात लिहायला उठत नव्हता. त्याला म्हणावं, ताई म्हणते रघू खरं बोलत होता. माझ्या नावानं सांग.

आणि तू स्वतःला चोर म्हणू नकोस. पाणी टाकलं नाहीस म्हणून शाबासकी मी दिली होती. मला सहा आठवडे गाडीत बसायची बंदी आहे, नाहीतर निघालेच असते.

तुझी वन्सं,
वैजयंती

॥ श्री ॥

इल्फर्ड,
१६ मे २०२५

प्रिय आत्या,
नमस्कार.

वर श्री लिहायचं असतं असं आम्हाला सॅटरडे स्कूलमध्ये शिकवला होता, म्हणून लिहिलं. माझी मराठी चांगला नाही. काही वाक्यं फोनमध्ये बोलून मग कागदावर कॉपी केली. सॉरी.

मी मेसेज पाठवला, पण मेसेजमध्ये फक्त बाबा गेले एवढंच लिहिलं. तुम्हाला पत्र आवडतो म्हणून हे. सोमवारी सकाळी त्यांचा हार्ट थांबला. नर्सनी खूप ट्राय केलं. आई कँटीनमध्ये गेली होती, मी ट्रेनमध्ये होते. कुणीच नव्हतं जवळ.

फ्यूनरल २९ तारखेला आहे, गुरुवारी. त्याच्या आधी क्रेमेटोरियममध्ये स्लॉट नाही. तोपर्यंत बाबा फ्यूनरल डायरेक्टरकडे आहेत. आम्ही त्यांना बघायला जाऊ शकतो, पण मी गेले नाही. परीक्षित म्हणतो जा. मला जमत नाही.

आत्या, मला एक विचारायचं आहे. मी बाबांशी शेवटचं जे बोलले ते हे की खोटं बोलू नका. ते माझ्याकडे बघितले नाहीत. मग रविवारी मी गेले तेव्हा झोपले होते. मी रोज रात्री ॲप उघडते. सगळं हिरवं आहे. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. मी ते केलं होतं त्यांना वाचवायला.

ते खात होते ना काहीतरी? तुम्हाला सांगितलं असेल. तुमच्याशी ते खरं बोलायचे. जर खात होते तर मी रागावले ते बरोबर होतं आणि मला फक्त दुःख होईल. जर नव्हते खात, तर मी काय केलं? आईला विचारलं तर ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. प्लीज मला सांगा. काहीही असलं तरी.

तुमची,
ऋजुता

साउथहॅम्प्टन,
१९ मे २०२५

चि. ऋजुतास,
अनेक आशीर्वाद.

बाळ, तुझी मराठी चांगली आहे. सगळं समजलं मला.

तू विचारलंस, तर ऐक. तुझे बाबा खात होते. मीच पाठवत होते. खजूर, अंजीर, सुके जर्दाळू, त्याला आवडतं ते सगळं, जयंतरावांच्या पत्त्यावर. म्हातारीची माया आंधळी असते. जयंतरावांना डब्यात काय आहे ते ठाऊक नव्हतं, त्यांना विचारायला जाऊ नकोस. तुझा राग योग्य होता. दोष द्यायचा तर मला दे, मला तो झेपेल.

आईला आता काही विचारू नकोस. तिचं दुःख मोठं आहे. तिच्याजवळ राहा. आणि बाबांना बघून ये, नाहीतर जन्मभर राहून जाईल.

तुझी,
आत्या

हाउन्सलो,
२४ मे २०२५

ती. वन्सं यांस,
अर्चनाचा नमस्कार.

तुमचं दहा तारखेचं पत्र हे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. त्यांना सांगायचं राहिलं. हे एवढं लिहायला मला बारा दिवस लागले. मी चहा आणायला खाली गेले होते, परत आल्यावर जागे असले तर आजच सांगायचं असं जिन्यात ठरवलंही होतं. वर आले तर पलंगाभोवती माणसांचं कडं.

तुम्ही ऋजुताला लिहिलेलं पत्र तिनं परवा गुरुवारी मला वाचून दाखवलं. वाचताना तिचा चेहरा सैल होत गेला. हे गेल्यापासून पहिल्यांदा ती नीट जेवली. माझ्याकडे वळून म्हणाली की बघ, मला वाटलंच होतं, बाबा आत्यापुढं वितळायचे. आणि हसली सुद्धा थोडी.

वन्सं, तुम्ही माझ्यासाठी केलंत ते कळतं मला. बहिणीनं भावाच्या मरणाचा दोष अंगावर घेतला, तोही भावजयीसाठी, असं कुणी करत नाही. मी गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. मुलगी माझी राहिली असती, तुम्ही मनानं मोठ्या ठरला असतात, आणि हे तेवढे खोटारडे म्हणून जळाले असते. त्यांनी काय मागितलं होतं हो आपल्याकडं? मशीन नको, ती गोष्ट सोडा. त्यांनी फक्त म्हटलं, मी खाल्लं नाही. ते एका माणसानं तरी मानलं का? मी, त्यांची बायको, किल्ली कमरेला लावून फिरले. आता आपण दोघींनी मिळून मेल्यावरही त्यांच्या तोंडात खजूर कोंबायचे का? मला ते जमलं नाही. रागावू नका.

म्हणून काल मी तिला सांगितलं. जिथं यांना ठेवलंय तिथल्या गाडीतळावर, गाडीत बसल्या बसल्या. पाणी, कणीक, आमटी, सूप, सियानं काय विचारलं, सगळं. आत्यानं तुला खोटं लिहिलं तेही. तिला आधी समजेना, परत परत विचारत होती की कोणतं पाणी. समजलं तेव्हा तिनं एकदम दार उघडलं आणि मला गाडीतच सोडून आत गेली. मी मागोमाग गेले, तर तिथली बाई मला म्हणाली की मुलगी एकटीलाच बसू दे म्हणते. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसले. पातळ भिंती आहेत. ती बाबांशी बोलत होती. इंग्रजीत काहीतरी भराभर, मग नुसतंच बाबा, बाबा. मी सगळं ऐकलं. त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, देवाला माहीत. पण त्यांचं शरीर असेपर्यंत, त्यांच्या पोरीच्या तोंडून, त्यांच्यासमोर ते बोललं गेलं. येत्या गुरुवारी अंत्यविधी झाल्यावर सांगून काय उपयोग होता?

बाहेर आली ती माझ्याकडे न बघता गाडीत बसली. मला घरी सोडलं, इंजिन बंदही केलं नाही. मी उतरले. कालपासून फोन नाही, मेसेज नाही. मी केलेल्या दोन फोनना उत्तर नाही. सकाळी परीक्षितचा मेसेज आला की ती बोलत नाही, पण गुरुवारी येणार आहे. बापासाठी येईल. मला आई म्हणेल की नाही, ते मला माहीत नाही, आणि तिला दोष देण्याचा मला अधिकारही नाही.

तुमच्या डॉक्टरांनी एवढ्यापुरती परवानगी दिली, पाय लांब करून मागं बसून या म्हणाले, असं परीक्षितनं कळवलं. तो बुधवारी दुपारी तुम्हाला न्यायला येतोय. सोमवारी बँक हॉलिडे, टपाल बंद, म्हणजे हे पत्र मंगळवारी तरी तुमच्या हातात पडावं. गाडीत बसायच्या आधी तुम्ही हे वाचायला हवं, म्हणून लिहिलं.

दोषाची वाटणी करू नका. शाबासकी तुम्ही दिलीत, पण हात माझे होते. भाऊ तुमचा होता. गुरुवारी पुढच्या बाकावर एका बाजूला ऋजुता बसेल, आणि तिच्या-माझ्यामध्ये रिकामी जागा असेल, असं मला दिसतंय. तुमची माया असावी असं पत्राखाली लिहीत आले, लिहायचं म्हणून. आज खरंच विचारते आहे. तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसाल का?

अर्चना